ब्लेझर राहू द्या, फेरफार वाचा

कायद्याच्या निवासी शिबिराला निघालेल्या आपल्या पोरांकडून सध्या जी तयारी करून घेतली जाते, तिला मी तयारी म्हणत नाही. ती लूट आहे. त्यात पैसे तर जातातच, वर पोराच्या मनातून त्याचं गाव, घर आणि भाषाही उतरते. मी हिंगोलीत वकिली करते. अकरावीतली मुलंमुली अधूनमधून माझ्या टेबलाशी येऊन बसतात. विद्यापीठाच्या होस्टेलवर आठवडाभर राहायचं, खऱ्या वर्गात बसायचं, मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या कोर्टात, उभं राहून युक्तिवाद करायचा आणि कायदा हा विषय आपल्याला मानवतो का, हे बारावीच्या आधीच ताडून पाहायचं, अशी ही शिबिरं असतात. कल्पना उत्तम आहे. पाच वर्षांचा अभ्यासक्रम निवडण्याआधी आठ दिवस त्याची चव घेऊन बघावी, यात चूक काहीच नाही. चूक आहे ती या चवीची किंमत कोण ठरवतं आणि तिथं कुणाला बसू देतं, यात.

आपल्याकडे दहावीला नव्वदच्या पुढे गेलेलं लेकरू सरळ नांदेडला नाहीतर लातूरला नीटच्या क्लासला जातं. आई खोली करून सोबत राहते, बाप इकडे एकटा भाकरी थापतो, आणि त्यापायी काढलेल्या कर्जाची कुणाला लाज वाटत नाही. कायद्याचं नाव निघतं ते शेवटी. कुठंच नंबर लागला नाही तर कर वकिली! हे त्या जिल्ह्यात, जिथं हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या पाचही तालुक्यांत बांधाचा, वाटणीचा, पीकविम्याचा नाहीतर पोटगीचा एखादा कागद पेटीत नाही असं घर शोधून सापडणं अवघड. ज्या विद्येची गावाला रोज गरज पडते, तिला आपण उरल्यासुरल्यांची विद्या करून ठेवली आहे. मग कायदा कळणारा माणूस गावाला मिळतो तो तहसीलच्या फाटकासमोर बसलेला एजंट.

अशा वातावरणात एखादी पोरगी आपणहून म्हणते, मला कायदा शिकायचाय. तिला काय मिळतं, ते मी जवळून पाहिलं. एका खासगी विद्यापीठाच्या उन्हाळी शिबिराचं माहितीपत्रक ती घेऊन आली. आठ दिवसांची फी पन्नास हजारांच्या घरात, प्रवास वेगळा. हळदीला बरा भाव असला तरी हे चार-पाच क्विंटल हळदीचे पैसे झाले, आणि ते मार्चात लागतात, जेव्हा तिच्या घरची हळद अजून शिजायची, वाळायची, पॉलिश व्हायची असते. सोबत सामानाची यादी. काळा ब्लेझर, फॉर्मल बूट, स्वतःचा लॅपटॉप, संध्याकाळच्या कार्यक्रमांसाठी वेगळे कपडे. यादीत पुस्तक एकही नाही. संविधानही नाही.

शहरातल्या एका क्लासवाल्याने या शिबिराची निवड मुलाखत पार पाडून देण्याचा वेगळा कोर्स काढला होता, त्याचे पैसे वेगळे. त्याच्या नोट्स मी शेवटपर्यंत वाचल्या. पहिली तीन पानं स्वतःची ओळख इंग्रजीत कशी करून द्यायची यावर. ती पाठ करायची, गाळलेल्या जागी स्वतःचं नाव घालायचं. पुढे न्यायाधीशांना माय लॉर्ड म्हणा, असं ठळक अक्षरात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2006 मध्येच नियम करून हे संबोधन बाजूला ठेवलं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात युअर ऑनर किंवा माननीय न्यायालय म्हणा, खालच्या कोर्टात सर किंवा तिथल्या भाषेतला तसा शब्द वापरा, असं त्यात स्पष्ट आहे. त्याच नोट्समध्ये खुनाचं कलम 302. भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली, खून आता कलम 103 मध्ये आहे. सवयीने 302 म्हणणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाला कुणी एक वेळ माफ करील. ज्याने आजवर एकही कलम वाचलेलं नाही, अशा पोराला रद्द झालेला कायदा पैसे घेऊन शिकवणं ही फसवणूक आहे.

त्या पोरीला मी नोट्स मिटायला सांगितल्या आणि विचारलं, घरात एखादा कोर्टकचेरीचा कागद आहे का? असेल तर उद्या आण. तिने दुसऱ्या दिवशी पिशवीतून आज्जीचं प्रकरण आणलं. आज्जीचे वडील वारले तेव्हा भावांनी वारसाचा फेरफार करून घेतला होता, त्यात आज्जीचं नाव नव्हतं. फेरफाराची नोंद, त्यामागची नोटीस, जुना सातबारा, नवा सातबारा, आठ-अ. मी काही समजावून सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, फेरफार लिहिला की जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. आता वाच.

अर्धा-पाऊण तास ती वाचत बसली. मग तिने दोन प्रश्न विचारले. पहिला असा: "मॅडम, आज्जीला नोटीस मिळालीच नसंल तर पंधरा दिवस कधीपासून मोजायचे?" न्यायशास्त्राच्या वर्गात नैसर्गिक न्यायाचं तत्त्व शिकवायला ज्या प्रश्नापासून सुरुवात व्हावी, तोच हा प्रश्न. ज्याच्या हक्काला धक्का लागतो त्याला आधी कळवलं पाहिजे, त्याचं ऐकलं पाहिजे, आणि कळवलंच नसेल तर मुदतीचं घड्याळ त्याच्यावर कसं लादायचं? दुसरा प्रश्न ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. "ह्या नोटिशीवर आज्जीचा अंगठा हाय. पण आज्जी तं सही करती. साक्षरतेच्या वर्गात शिकली ती. बँकेत, रेशनवर, समदीकडं सहीच करती." तिने लगेच आज्जीचं बँकेचं जुनं पासबुक काढून दाखवलं. सही होती, तीही फेरफाराच्या आधीच्या सालातली.

एवढं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. कागदातली तारीख कागदातल्या दुसऱ्या तारखेशी ताडून बघायची, लिहिलेल्यावर विश्वास ठेवण्याआधी ते कुणी लिहिलं हे विचारायचं, आणि आपल्या बाजूचा पुरावा समोरच्याच्या कागदातून काढायचा. वकिलीत उमेदवारीची पहिली काही वर्षं याहून वेगळं फारसं काही शिकत नाही माणूस. मग मी तिला पुढचं दिलं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगी वडिलांची पहिल्या वर्गाची वारस. वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. वडील 2005 च्या आधी वारले असले तर काय, यावर पंधरा वर्षं घोळ चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला. बाप हयात असो नसो, हिस्सा जन्माने मिळतो. ती म्हणाली, मग आमच्या गावात सगळ्या आत्या हक्कसोडपत्रावर सह्या कामून करतात? याचं उत्तर कोणत्याच कलमात नाही. माहेर तुटू नये म्हणून करतात. राखीला साडी मिळत राहावी म्हणून करतात. कायद्याच्या पहिल्या वर्षाला कायदा आणि समाज यांच्या नात्यावर जे धडे असतात, त्यांतला मोठा धडा तिने एका वाक्यात विचारला होता.

ही मुलगी त्या शिबिराच्या निवड मुलाखतीत नापास झाली असती. मला याचाच संताप आहे. फोनवर इंग्रजीत ओळख करून देताना ती अडखळली असती, गावात रेंज गेली असती, आणि पलीकडच्याने कागदावर संवादकौशल्य कमी असं लिहून पुढचं नाव पुकारलं असतं.

मला कुणी विचारलं की शिबिराला जायच्या आधी पोरांनी काय करावं, तर मी सांगते, एक दिवस कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बस. कोर्ट उघडं असतं. काही नाजूक प्रकरणं वगळली तर कुणालाही आत बसता येतं, पास लागत नाही, ब्लेझर तर नाहीच. शिपाई पुकारा कसा करतो, साक्षीदार कटघऱ्यात उभा राहिला की त्याचा आवाज कसा बदलतो, उलटतपासात वकील एकच गोष्ट तीन वेगळ्या तऱ्हांनी का विचारतो, तारीख पडली की पक्षकाराच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे बघ. पैकी तारखेचं बघणं सगळ्यांत महत्त्वाचं. एका तारखेपायी वसमतहून आलेल्या म्हाताऱ्याचा एक रोज बुडतो आणि एसटीचं भाडं जातं, हे ज्याला आधी दिसलं, तो पुढे न्यायाधीश झाला तर तहकुबी देताना हात आखडील. महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा 1998 पासून मराठी आहे, त्यामुळे बाकावर बसलेल्या पोराला बरंचसं कळतं. मग शासनाने छापलेलं भारताचे संविधान घे आणि कलम 14 ते 22 वाच, सावकाश, पेन्सिल हातात धरून. सर्वोच्च न्यायालय आपल्या संकेतस्थळावर निवडक निकालांचे मराठी अनुवाद ठेवतं, फुकट. त्यातला एक उतरव. अनुवाद मशीनच्या मदतीने होतात, भाषा कधी कधी दगडासारखी असते, तरी वाच. हरलेल्या बाजूचं म्हणणं आधी काढ, जिंकलेल्या बाजूचं नंतर. आणि घरच्या भांडणात ज्या काकाशी आपलं पटत नाही, त्याची बाजू दहा मिनिटं मांडून दाखव. हे शेवटचं बहुतेकांना जमत नाही. आज्जीच्या प्रकरणात भावांची बाजू मांड म्हटल्यावर त्या पोरीच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण तिने मांडली, आणि चांगली मांडली.

इंग्रजी नको, असं मी म्हणत नाही. उच्च न्यायालयात इंग्रजी लागतं, निकाल इंग्रजीत असतात, ते शिकलंच पाहिजे आणि शिकवलंच पाहिजे. माझी तक्रार आहे ती इंग्रजी दारावर बसवण्याला. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा फक्त इंग्रजीत होते. 120 प्रश्न, दोन तास, साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. त्यात तर्क तपासला जातो म्हणतात. आधी वाचनाचा वेग तपासला जातो, आणि तो वेग पाचवीपासून कोणत्या शाळेत बसलात यावर ठरतो. महाराष्ट्राची स्वतःची सीईटी मराठीतही होते, आणि ती देऊन गेलेली पोरं पुढे वकिली करत नाहीत असं कुणी म्हणेल का? क्लॅट इतर भारतीय भाषांतही घ्या, अशी याचिका 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात झाली, तेव्हा विद्यापीठांच्या संघाकडून अडचणींचा पाढा वाचला गेला. वैद्यकीयची नीट मराठीत छापता येते. डॉक्टर मराठीत प्रश्नपत्रिका सोडवून होऊ शकतो आणि वकील होऊ शकत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

प्राध्यापक शमनाद बशीर यांना हे फार आधी दिसलं होतं. 2010 मध्ये त्यांनी आयडिया ही संस्था सुरू केली, गरीब आणि खेड्यातल्या मुलांना हेरून विधी विद्यापीठांपर्यंत पोचवायला. त्यांच्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा हेच पुढे आलं की या वर्गांत बसलेली बहुतेक मुलं शहरांतल्या इंग्रजी शाळांतून आलेली आहेत. 2019 मध्ये ते अकाली गेले. त्यांच्या संस्थेने हात दिलेली मुलं शिकली, उभी राहिली. पण स्वयंसेवी संस्थेने करायचं ते काम आणि सरकारी विद्यापीठाने करायचं ते काम एकच आहे काय? भूषण गवई अमरावतीच्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले आणि मे 2025 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांचं नाव आता प्रत्येक सत्कारात घेतलं जातं. तसल्या शाळेतल्या आजच्या पोराला विधी विद्यापीठाच्या दारापर्यंत कोण नेतं, हे सत्कारात कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात राष्ट्रीय विधी विद्यापीठं तीन आहेत. 2014 च्या राज्य कायद्याखाली मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. शेवटचं 2017 मध्ये सुरू झालं, ते आपल्या मराठवाड्यात, हिंगोलीपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, जिंतूर-जालना करत एसटीने दिवस मोडतो तेवढ्या अंतरावर. हे विद्यापीठ मराठवाड्याच्या वाट्याला यावं म्हणून इथल्या लोकांनी आवाज उठवला होता. जमीन जनतेची, पैसा जनतेचा. तेव्हा मागणी साधी आहे. तिन्ही विद्यापीठांनी दर मे महिन्यात, होस्टेल रिकामं असताना, जिल्हा परिषद, आश्रमशाळा आणि अनुदानित शाळांतल्या दहावी-अकरावीच्या मुलांसाठी दहा दिवसांचं निवासी शिबिर घ्यावं. फुकट. एसटीचं भाडंही विद्यापीठाने द्यावं. शिकवणं मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. निवडीला इंग्रजी मुलाखत नको. घरातला किंवा गावातला एक तंटा मराठीत एक पानभर लिहून पाठवा, दोन्ही बाजू मांडून, एवढं पुरे. त्या एका पानात कायद्याची बुद्धी दिसते.

हे परवडत नाही असं कुणी म्हणू नये. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं तेव्हा मराठवाडा निजामाच्या तावडीतून सुटून दोनच वर्षं झाली होती, हाताशी काही नव्हतं, आणि तरी खेड्यापाड्यातल्या पोरांना तिथं येऊन राहून शिकता यावं, याचा विचार आधी झाला. आज औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्राने 2023 मध्ये तिला 2600 कोटी मंजूर केले, आणि ते योग्यच झालं. अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या कृष्णविवरांची टक्कर टिपायला ज्या देशाला औंढ्याचा माळ सापडतो, त्याला त्याच औंढ्यातली न्यायाची भाषा बोलणारी पोरगी सापडू नये, हे मला पटत नाही.

इंग्लंडात पीटर लॅम्पल नावाच्या उद्योजकाने 1997 मध्ये सटन ट्रस्ट काढला आणि त्याच साली ऑक्सफर्डला सरकारी शाळांतल्या मुलांसाठी पहिलं उन्हाळी शिबिर घेतलं. पुढे कायद्यासाठी त्यांनी वेगळा कार्यक्रमही काढला. ही शिबिरं मुलांना फुकट असतात, राहणं-खाणं आणि प्रवास धरून. आपल्याकडे या कल्पनेचं नाव तेवढं आलं. फुकटचा भाग वाटेत कुठंतरी गळाला आणि माहितीपत्रकावर फीचा आकडा चढला.

अजून एक गोष्ट मला टोचते. देशातल्या प्रत्येक विधी महाविद्यालयात मथुरा खटला शिकवतात. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं, देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. म्हणजे महाराष्ट्राच्या खेड्यातली गरीब मुलगी कायद्याच्या वर्गात जवळपास पन्नास वर्षांपासून हजर आहे, खटल्याचं नाव म्हणून. तिच्यासारखीने त्या वर्गात बाकावर बसायचं म्हटलं की तिला आधी ब्लेझर आण म्हणतात.

पालकांचंही सांगते. त्या पोरीचा बाप मोंढ्यातून हळदीची पट्टी करून माझ्याकडे आला, टोपी काढून बसला आणि म्हणाला, "मॅडम, लेकराला धाडावं म्हणतो, पण रातच्याला तिथं बाईमाणूस कोण असतं?" याला मागासलेपणा म्हणणाऱ्यांनी आपली पोरगी सोळाव्या वर्षी अनोळखी शहरात एकटी सोडून बघावी. प्रश्न रास्त आहे, आणि माहितीपत्रकाच्या बारा रंगीत पानांत त्याचं उत्तर नव्हतं. मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर कोण, त्यांचा फोन कोणता, रात्री दार किती वाजता बंद होतं, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार, स्टँडवरून आणायला कोण येणार. हे मराठीत, मोठ्या अक्षरात, पहिल्या पानावर छापलं तर निम्म्या मुली घराबाहेर पडतील. जे छापत नाहीत त्यांच्या डोळ्यांपुढे असा बाप कधी आलेलाच नसतो.

ती त्या शिबिराला गेली नाही. आज्जीचं अपील उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे दाखल झालं आहे. अपिलाची मुदत 60 दिवसांची, ती केव्हाच उलटून गेलेली, म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज जोडावा लागला. त्या अर्जाचा कच्चा मसुदा तिने केला. दीड पान, मराठीत, तारखा ओळीने लावलेल्या, अंगठ्याचा मुद्दा चौथ्या परिच्छेदात आणि पासबुकाची नक्कल सोबत. मी त्यात दोन कलमं घातली आणि एक वाक्य खोडलं, बाकी आहे तसा टाईप करून दिला. कोणत्या विद्यापीठाला या मुलीला येत्या मेमध्ये दहा दिवस ठेवून घ्यायचं आहे, त्यांनी कळवावं. तिकिटाचे पैसे नाही दिले तरी चालेल, ते मी देईन.